न दिसल्याची नोंद

रानपिंगळा या छोट्या घुबडाच्या नोंदींचा तक्ता उघडला की पाच रकाने समोर येतात. प्रजातीचं नाव, अक्षांश, रेखांश, तारीख आणि नोंद करणाऱ्याचं नाव. वरच्या ओळी एकोणिसाव्या शतकातल्या. १८७२ साली आजच्या छत्तीसगडात ब्लेविट यांनी एक पक्षी मिळवला. पुढच्याच वर्षी ॲलन ह्यूम यांनी, म्हणजे नंतर राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या त्याच ह्यूम यांनी, त्याचं शास्त्रीय वर्णन करून त्याला ब्लेविट यांचं नाव दिलं. खानदेशात सनदी नोकरीत असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० नंतर शहादा परिसरातून काही नमुने जमवले. खात्रीची शेवटची जुनी नोंद १८८४ ची. तिथून तक्ता थेट १९९७ वर येतो. त्या वर्षी २५ नोव्हेंबरला पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळच, सातपुड्याच्या पायथ्याशी, हा पक्षी पुन्हा दिसला. त्यापुढे ओळी भराभर वाढतात. तोरणमाळ, यावल, मेळघाट, मध्य प्रदेशातलं खंडवा, २०१४ मध्ये मुंबईच्या उशाशी असलेलं तानसा आणि त्यानंतर गुजरातेतलं डांग.

या तक्त्यात एक रकाना नाही. कोण कुठल्या जंगलात गेलं, किती वेळ थांबलं आणि त्याला रानपिंगळा दिसला नाही, हे कुठेच लिहिलेलं नसतं. मधल्या ११३ वर्षांत कुणी शोधलंच नाही, असं थोडंच आहे? १९७० च्या दशकात सलीम अली आणि डिलन रिप्ली यांनीही त्याचा शोध घेतला होता. पण त्यांना तो न मिळाल्याची गोष्ट लेखांत सापडते, तक्त्यात नाही.

अशा एकतर्फी नोंदींवरून प्रजातीच्या संभाव्य आढळाचे नकाशे करायचे आणि झालेले नकाशे पारखायचे, हे माझं काम. नकाशा करणं आता सोपं झालंय. पारखणं अवघड आहे, आणि त्याच्याबद्दलच लिहायचं आहे.

रीत थोडक्यात सांगते. ज्या ज्या ठिकाणी पक्षी दिसला ती ठिकाणं घ्यायची. त्या ठिकाणचं तापमान, पाऊस, उंची, झाडोरा काढायचा. हवामानाचे एकोणीस थर वर्ल्डक्लिम नावाच्या विदासंचातून फुकट मिळतात. साधारण एक किलोमीटरचा एक चौकोन, असे भारतभरचे चौकोन. मग 'पक्षी दिसलेल्या जागा' आणि 'एकंदर परिसर' यांत फरक काय, हे मॉडेल शोधतं आणि प्रत्येक चौकोनाला गुण देतं. जास्त गुणांचे चौकोन लाल, कमी गुणांचे निळे. मॉडेलंही पुष्कळ. बायोक्लिम सर्वांत जुनं आणि सरळ: नोंदींच्या जागी पाऊस कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, तापमान किती ते किती, एवढी चौकट आखायची आणि बाहेरचं सगळं बाद. २००६ मध्ये फिलिप्स, अँडरसन आणि शापिरे यांनी मॅक्सेंट आणलं आणि जगभरच्या परिस्थितिशास्त्रज्ञांनी ते उचलून धरलं. शिवाय रँडम फॉरेस्ट, बूस्टेड ट्रीज वगैरे मंडळी आहेतच. एकाच तक्त्यावरून पाच मॉडेलं पाच नकाशे देतात आणि ते पाच नकाशे एकमेकांसारखे नसतात. मग खरा कुठला मानायचा?

इथे बहुतेक जण एयूसीकडे वळतात. हा आकडा एवढंच सांगतो: एक खरी नोंद आणि परिसरातला कुठलाही एक बिंदू अशी जोडी घेतली, तर मॉडेल खऱ्या नोंदीला जास्त गुण देईल याची शक्यता किती. ०.५ म्हणजे छापा-काटा. १ म्हणजे एकही जोडी चुकली नाही. ही कसोटी मुळात 'आहे' आणि 'नाही' अशा दोन्ही बाजू ठाऊक असतात तिथली. आपल्याकडे 'नाही' ही बाजू नसतेच. म्हणून तिच्या जागी आपण परिसरातून यादृच्छिक बिंदू उचलतो, मॅक्सेंट न सांगताच दहा हजार उचलतं, आणि त्यांना बॅकग्राउंड म्हणतो. त्यातल्या कितीतरी बिंदूंवर रानपिंगळा खुशाल बसलेला असू शकतो.

याचे परिणाम मी वर्षानुवर्षं लेखांमधून, प्रबंधांमधून बघत आलेय आणि दर वेळी मन कासावीस होतं. पहिला परिणाम गणिताचा आहे. प्रजाती परिसराच्या एक दशांश भागात राहत असेल, तर अगदी बिनचूक मॉडेललाही ०.९५ च्या वर जाता येत नाही. साठ टक्के भागात राहत असेल तर कमाल मर्यादा ०.७० वर येते. म्हणजे साळुंकीचं उत्तम मॉडेल दुर्मीळ पक्ष्याच्या सुमार मॉडेलपुढे नापास दिसणार. तरीही दोन प्रजातींचे एयूसी शेजारी मांडून 'अमुक प्रजातीचं मॉडेल अधिक विश्वासार्ह' असं लिहिलेलं मी अनेकदा वाचलं आहे. ती तुलना मुळातच होत नाही.

दुसरा परिणाम परिसराचा, आणि हा जास्त फसवा. बॅकग्राउंडचे बिंदू भारतभर पसरले की त्यांत लडाख येतो, थरचं वाळवंट येतं, सुंदरबन येतं. रानपिंगळा लडाखच्या बर्फात राहत नाही हे सांगायला मॉडेल कशाला हवं? पण तेवढं ओळखल्याचेही गुण मिळतात आणि आकडा ०.९ च्या पुढे सहज जातो. त्याच नोंदी, तेच मॉडेल, फक्त परिसर मध्य भारतातल्या शुष्क पानझडी पट्ट्यापुरता आवळला की आकडा खाली येतो. प्रश्न मात्र तेव्हाच खरा होतो: सागाच्या या बीटात, म्हणजे वनरक्षकाच्या गस्तीच्या या हद्दीत, पक्षी आहे, तर ओढ्यापलीकडच्या बीटात का नाही? वनखात्याला, गस्तीवरच्या वनरक्षकाला, रस्ता कुठून न्यावा हे ठरवणाऱ्याला याच प्रश्नाचं उत्तर हवं असतं. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यानेच सोपे प्रश्न घालायचे आणि मग टक्के मिरवायचे, तशातला हा प्रकार आहे. लोबो आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच एयूसीवर जोरदार टीका केली होती. आकडा तरीही टिकून आहे, कारण तो एक आहे, लहान आहे आणि तक्त्यात बसतो.

वर्गात मी विद्यार्थ्यांना दोन अभ्यास आधी वाचायला देते. एक २००९ चा, उत्तर अमेरिकेतल्या 'सास्क्वाच'चा. हा केसाळ, माणसासारखा प्राणी दिसल्याचं लोक सांगतात, त्या सांगोवांगीच्या नोंदी घेऊन संशोधकांनी त्याचं आढळाचं मॉडेल केलं. मॉडेल छान बसलं, आणि ते काळ्या अस्वलाच्या मॉडेलशी बरंच जुळलं. दुसरा २०१८ चा. फुरकाद आणि सहकाऱ्यांनी हवामानाच्या थरांऐवजी जुन्या चित्रकारांची चित्रं नकाशावर पसरली आणि चित्रातले रंग हेच जणू पाऊस-तापमान असं मानून खऱ्या प्रजातींची मॉडेलं केली. नेहमीच्या कसोट्यांवर त्यातली बरीच मॉडेलं चांगली ठरली. हा अभ्यास समजला की पोरं गप्प होतात. मग विचारतात, "मॅडम, मग आपण काय बघायचं?" तो प्रश्न विचारला गेला की माझं शिकवणं सुरू होतं.

चित्रं का जिंकली, याचं उत्तर भूगोलात आहे. नोंदी एकमेकींच्या जवळ असतात. चित्रातले रंगही जवळजवळच्या ठिकाणी सारखे असतात. नोंदी यादृच्छिक वाटल्या, ऐंशी टक्के शिकायला आणि वीस टक्के तपासायला ठेवल्या, तर तपासणीतली नोंद शिकवणीतल्या नोंदीच्या शेजारच्याच खोऱ्यातली निघते. मॉडेलला पक्ष्याबद्दल काही कळो न कळो, शेजार कळला तरी पुरतं. हिजमन्स यांनी २०१२ मध्ये एक साधा उपाय सांगितला, तो मी कधीच सोडत नाही. 'सर्वांत जवळची ज्ञात नोंद किती लांब' एवढंच जाणणारं एक मॉडेल आधी करायचं. त्याला ना पाऊस माहीत, ना साग, ना पिंगळा. मग आपलं हवामानाचं मॉडेल त्याच्यापेक्षा किती वरचढ ठरतं ते बघायचं. रानपिंगळ्यासाठी हे पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा आमच्या दोन देखण्या मॉडेलांना त्या अडाणी अंतर-मॉडेलने मागे टाकलं. ते निकाल मी जपून ठेवलेत. नवीन विद्यार्थी आला की दाखवते.

तेव्हापासून मी नोंदी ठिकाणांनुसार वाटते. मेळघाट अख्खं बाजूला ठेवायचं, बाकीच्यांवर मॉडेल शिकवायचं आणि मेळघाटवर तपासायचं. मग तोरणमाळ बाजूला. मग खंडवा. आकडे पडतात, पण त्यांना अर्थ येतो. सोबत मी बॉइस निर्देशांक घेते, कारण तो 'नाही'चं सोंग आणत नाही. नकाशाचे गुण कमी ते जास्त असे पट्टे पाडायचे आणि प्रत्येक पट्ट्यात क्षेत्राच्या मानाने जितक्या नोंदी यायला हव्यात त्यापेक्षा किती जास्त किंवा कमी आल्या ते मोजायचं. गुणांबरोबर हे प्रमाण एकसारखं चढत गेलं तर नकाशाला काहीतरी कळलंय. मध्येच खाली गेलं तर त्या पट्ट्यात काय बिघडलंय ते जाऊन बघायचं. किती नोंदी सुटल्या, एवढंच मोजणं तर अगदीच अपुरं. सगळा भारत लाल रंगवला तर एकही नोंद सुटणार नाही.

नोंदी फार थोड्या असतील तर पीअर्सन आणि मंडळींनी २००७ मध्ये मादागास्करच्या पालींवर वापरलेली पद्धत उपयोगी पडते. एक नोंद झाकायची, उरलेल्यांवरून नकाशा करायचा, झाकलेली नोंद लाल भागात पडते का बघायची, आणि लाल भाग एकूण क्षेत्राचा किती हेही मोजायचं. लाल भाग छोटा आणि तरी नोंद त्यात पडली, तर ते नशिबाने झालं नाही असं म्हणता येतं.

आता त्या तक्त्यातल्या एका ओळीबद्दल. १९१४ साली मांडवीला, गुजरातेत तापीकाठी, रानपिंगळा मिळाल्याचा एक नमुना बराच काळ खरा मानला जात होता. तो रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातला. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो तपासला, एक्स-रे काढले, आतलं भरण आणि बांधणी बघितली आणि १९९९ मध्ये जाहीर केलं की हा डेव्हिडसन यांनीच शहादा भागात मिळवलेला नमुना आहे. ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला. जाहीर केलं नंतर, पण ही खोटी नोंद आधीच सोडून देऊन रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांनी जुन्या खऱ्या जागांवर शोध नेला, म्हणून १९९७ चा दिवस उगवला.

मी ती नोंद घालून आणि काढून, दोन्ही प्रकारे मॉडेल करून पाहिलं आहे. घातली की नकाशात तापीच्या खालच्या अंगाला रंग चढतो, आणि कुठलीही कसोटी 'इथे काही गडबड आहे' असं सांगत नाही. उलट ती ओळ तपासणीच्या गटात पडली, तर तिला नाकारणाऱ्या शहाण्या मॉडेलचेच गुण कापले जातात. मांडवी तशी पटण्यासारखी जागा होती. डांगची जंगलं तिथून फार लांब नाहीत आणि तिथे आता खराच रानपिंगळा मिळालाय. खोटं पटण्यासारखं असलं की संख्याशास्त्र त्याला ओळखत नाही. त्यासाठी कुणीतरी संग्रहालयाचा खण उघडून त्या पक्ष्याची शिवण बघावी लागते. म्हणूनच मॉडेल चालवण्याआधी प्रत्येक जुन्या नोंदीचा मूळ कागद वाचायचा, हा आमच्याकडचा पक्का नियम आहे. डेव्हिडसन यांच्या नमुन्यांवर 'शहादा' लिहिलंय, म्हणून तक्त्यातला बिंदू आजच्या शहादा गावावर पडतो. तिथे आता ऊस आहे, केळी आहे, पपई आहे. पक्षी मिळाला असणार तो डोंगरपायथ्याच्या जंगलात. एक किलोमीटरच्या चौकोनात हा फरक थोडाथोडका नाही. अशा नोंदी मी शिकवणीत घेत नाही. नकाशा मोठ्या चौकोनांचा असेल तरच घेते.

मॉडेलांच्या तुलनेचं एक काम मात्र मला आदर्श वाटतं. २००६ मध्ये जेन एलिथ आणि त्यांच्या मोठ्या गटाने सोळा पद्धती, सहा प्रदेश आणि २२६ प्रजाती घेऊन तुलना केली. ऑस्ट्रेलियाची पावसाळी जंगलं, न्यू साउथ वेल्स, कॅनडातलं ओंटारियो, न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका, स्वित्झर्लंड. मॉडेलं शिकली ती संग्रहालयांच्या एकतर्फी नोंदींवर. तपासली मात्र वेगळ्या, नियोजनबद्ध सर्वेक्षणांवर, जिथे माणसं ठरलेल्या जागी गेली होती आणि 'आढळलं' तसंच 'आढळलं नाही' हेही लिहिलं होतं. या कामाचं मोल माझ्या मते तिथे आहे. नव्या पद्धती जुन्या बायोक्लिमपेक्षा सरस ठरल्या हा निष्कर्ष सगळे सांगतात. पण तो निष्कर्ष काढता आला तो कुणीतरी आधी चिखल तुडवत जाऊन 'नाही' लिहून ठेवलं होतं म्हणून. हाच विदासंच पुढे सर्वांसाठी खुला झाला आणि २०२२ मध्ये वलवी, एलिथ आणि सहकाऱ्यांनी त्यावर पुन्हा तुलना केली. त्यात दिसलं की रँडम फॉरेस्ट जसं आहे तसं चालवलं तर मागे पडतं, पण थोड्या नोंदी आणि हजारो बॅकग्राउंड बिंदू हा असमतोल सांभाळला तर वर येतं. मॉडेलच्या नावापेक्षा ते कसं जुळवलं याला महत्त्व आहे. आपल्याकडे मध्य भारतासाठी असा तपासणीचा संच असता, तर माझ्या कामातले निम्मे वाद उरले नसते.

असा संच नाही, म्हणून तानसाचा मला फार आधार वाटतो. २०१४ पर्यंत रानपिंगळा म्हणजे सातपुडा आणि त्याच्या आसपासचा पट्टा, असंच सगळे धरून चालले होते. तानसा सह्याद्रीच्या बाजूला, सातपुड्यातल्या ज्ञात जागांपासून दूर. पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर. म्हणून मी २०१४ च्या आधीच्या नोंदींवर सगळी मॉडेलं पुन्हा शिकवली आणि तानसाला काय गुण मिळतात ते बघितलं. बायोक्लिमने दार बंदच केलं होतं, कारण एवढा पाऊस त्याच्या चौकटीत नव्हताच. एकोणीसच्या एकोणीस थर आणि त्यांच्याशी गुण जोडणाऱ्या सगळ्या वळणदार रेषा वापरणारं मॅक्सेंट, जे सातपुड्याच्या आत सर्वाधिक गुण मिळवत होतं, तेही तानसाला थंड निळं दाखवत होतं. मोजके थर, साध्या रेषा आणि पानगळीचा एक थर घेतलेलं मॅक्सेंट सातपुड्यात जरा कमी गुणांचं होतं. त्याने तानसाला मधला रंग दिला. फार नाही, पण तिथे जाऊन बघावं इतपत. तेव्हापासून माझं मत ठाम आहे: जवळच्या नोंदी पाठ करणाऱ्या मॉडेलपेक्षा नव्या जागी थोडं कमी चुकणारं मॉडेल निवडावं, मग तक्त्यातला त्याचा आकडा लहान असला तरी चालेल.

जिथे नकाशा लाल आहे तिथे जाणं सगळ्यांना आवडतं. निधीही त्यासाठीच मिळतो. मी गटाला मुद्दाम मधल्या आणि निळ्या चौकोनांतही पाठवते आणि स्वतःही जाते. जानेवारीनंतर साग, सालई, धावडा निष्पर्ण होतात. रानपिंगळा दिवसा वावरणारा, उघड्या फांदीवर शेंड्याला बसणारा. ऊन चढण्याआधी त्याचा आवाज ऐकू येतो. चिडला की शेपूट आजूबाजूला झटकतो. गावाजवळच्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर असतात. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ साधा, पोट पांढरंशुभ्र, पाय दाट पिसांचे, शेपटीवर रुंद पट्टे. लांबून बघितलं तर अनुभवी माणूसही घाईत घोटाळा करतो, म्हणून आवाज आणि पोट दोन्हीची खूण पटल्याशिवाय नोंद करायची नाही. आणि 'नाही' लिहायचं तर एका फेरीत लिहायचं नाही. त्याच जागी वेगवेगळ्या सकाळी परत जायचं, दर वेळी किती मिनिटं थांबलो, वारा किती होता, हे लिहायचं. पक्षी असूनही न दिसण्याची शक्यता त्यावरूनच काढता येते.

सातपुड्यातल्या एका बीटात आमच्याबरोबर एक पावरा वनमजूर होता. नकाशावर तो भाग निळा होता. मी त्याला विचारलं, "भाऊ, इकडे कुणी पक्षी बघायला येतं का?"

"नाही मॅडम. पक्षीवाले सगळे त्या डांबरी रस्त्यानेच येतात. इकडे गाडी चढत नाही, मग कोण येणार?"

"तुम्हाला दिसलाय का तो इकडे?"

"गुरं चारायला यायचो तेव्हा ऐकलाय. आता झाडं बारीक झाली. खालच्या नाल्यात जुना मोहा आहे, तिथे बघू."

मी त्या बारीक झालेल्या झाडांकडे नीट बघितलं. तोडीनंतर फुटलेला साग, एकेका खुंटातून चार-पाच धुमारे, मनगटाएवढे. एकाही खोडात ढोली नाही, ढोली व्हायला जागाच नाही. रानपिंगळा घरटं करतो ते झाडाच्या ढोलीत. उपग्रहावरून बघितलं तर हा तरणा साग आणि पलीकडचं जुनं जंगल सारखंच हिरवं दिसतं, सारखंच पानगळीला उघडं पडतं. कितीतरी लाल चौकोनांत आम्हाला पक्षी न मिळण्याचं कारण हेच होतं, आणि ते हवामानाच्या एकोणीस थरांपैकी एकातही नाही. झाडांची जाडी मोजून आम्ही नवा थर केला. तो थर तयार झाला तो आमच्या 'नाही'च्या नोंदींमुळे. पक्षी जिथे मिळाला तिथलीच माहिती असती, तर ढोलीचा प्रश्न पुढे आलाच नसता.

डांबरी रस्त्याची ती गोष्ट मी प्रत्येक नकाशात बघते. नोंदी रस्त्याकडेला, विश्रामगृहांजवळ, शहरापासून सुट्टीच्या दिवशी जाऊन येता येईल अशा जंगलात दाटतात. एका झाडावरच्या एका पक्ष्याचे फोटो अनेक जण टाकतात आणि नोंदींचा ढीग होतो. एका चौकोनात एकच नोंद ठेवून हे थोडं सुधारतं. त्याहून चांगला उपाय फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडला: बॅकग्राउंडचे बिंदू कुठूनही न उचलता, त्याच प्रकारचे पक्षी बघणारे लोक जिथे जिथे गेले तिथूनच उचलायचे. लोक जिथे गेले, तिथे त्यांनी शिक्रा पाहिला, साधा पिंगळा पाहिला आणि रानपिंगळा पाहिला नाही. हा नसलेल्या रकान्याच्या जवळात जवळचा पर्याय आहे. मी आता दुसऱ्या कुठल्या बॅकग्राउंडने काम करत नाही.

एवढं सगळं करूनही या नकाशातून एक गोष्ट निघत नाही. एका बैठकीत एका अधिकाऱ्यांनी विचारलं होतं, "मॅडम, या चौकोनात रानपिंगळा असण्याची शक्यता किती टक्के, तेवढं सांगा." एकतर्फी नोंदींवरून ते सांगता येत नाही. हा चौकोन त्या चौकोनापेक्षा अधिक योग्य, एवढं सांगता येतं. टक्के सांगायचे तर 'नाही' मोजलेलं लागतं. त्यांना हे आवडलं नाही, त्यांना फाइलीत एक आकडा हवा होता. पण तो आकडा कुणी दिलाच, तर तो लाल-निळ्याच्या मध्ये कुठेतरी रेघ मारून दिलेला असतो, आणि रेघ जरा सरकवली की क्षेत्र दुप्पट किंवा निम्मं होतं. त्या रेघेवर एखाद्या जंगलाचं भवितव्य ठरावं हे मला मान्य नाही. निळ्या राहिलेल्या जंगलात कुणी सर्वेक्षणाला जात नाही, म्हणून तिथली नोंद होत नाही, म्हणून पुढच्या मॉडेलमध्येही ते निळंच राहतं. मधल्या काळात तिथली मोठी झाडं गेलेली असतात.

म्हणून वाचकांना, त्यातही रविवारी दुर्बीण घेऊन बाहेर पडणाऱ्यांना, एक विनंती. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना 'ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवले आहेत का' असा एक प्रश्न येतो. तिथे प्रामाणिकपणे 'हो' म्हणता येईल अशी पूर्ण यादी टाका, किती वेळ थांबलात आणि किती चाललात तेही भरा. कावळे-चिमण्याही वगळू नका. फक्त दुर्मीळ पक्ष्याचा फोटो टाकून थांबू नका. आणि वर्षातून एकदा तरी, गाडी चढत नाही अशा जंगलात जा. तिथे तासभर बसून रानपिंगळा दिसला नाही, तर ती सकाळ वाया गेली असं समजू नका. यादी टाका. आम्हाला तीच हवी आहे.